आधी घरचा सातबारा

नाशिकहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर निफाड, विंचूर आणि येवला ही गावे ओळीने लागतात. निफाडला 18 जानेवारी 1842 रोजी महादेव गोविंद रानडे जन्मले. मुंबई विद्यापीठाची कायद्याची पदवी घेऊन ते पुढे उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. येवल्यात 13 ऑक्टोबर 1935 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. त्या वेळी ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. मधले विंचूर हे विंचूरकर जहागीरदारांचे गाव. त्यांच्या पुण्यातल्या वाड्यात लोकमान्य टिळक बरीच वर्षे राहिले. टिळकही एलएल.बी. होते आणि पुण्यात कायद्याचे खासगी वर्ग चालवत.

तिघांनी कायदा शिकला, पण तो त्यांना एका जागी घेऊन गेला नाही. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याला रानड्यांचा पाठिंबा होता, तर टिळकांचा विरोध. म्हणजे कायद्याचे शिक्षण कोणाच्या डोक्यात मते भरत नाही. मग तीन किंवा पाच वर्षे ही पुस्तके वाचून आजच्या विंचूरच्या मुलामुलींना मिळते काय?

त्याचे व्यवहारी उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. ‘घरात एक वकील असावा’ हे वाक्य बांधाच्या भांडणांनी पोळलेल्या कितीतरी शेतकरी घरांत ऐकू येते. कोणी स्पर्धा परीक्षेसाठी कायद्याकडे वळते, कोणी न्यायाधीश व्हायचे म्हणून. पदवीनंतर बार कौन्सिलची सनद, अखिल भारतीय बार परीक्षा आणि मग एखाद्या सिनियरच्या हाताखाली ज्युनियर. सुरुवातीचे काम असते तारखा घेण्याचे, नकलांचे अर्ज करण्याचे, बँकेच्या कर्जप्रकरणासाठी सर्च रिपोर्ट तयार करण्याचे. हाती पडणारे पैसे बेताचेच.

त्यात 20 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसण्यासाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केली. निर्णयामागचा हेतू पटतो. ज्याने पक्षकाराच्या डोळ्यांतली भीती पाहिलेली नाही त्याने थेट निकालपत्र लिहायला बसू नये. पण ही तीन वर्षे कोणाच्या जिवावर काढायची? द्राक्षबाग असलेल्या घरातला मुलगा ती काढेल. कांद्याच्या खळ्यावर आईवडील मजुरी करतात त्या मुलीला ती जड जातील. ज्युनियरला नियमित विद्यावेतन मिळाले नाही, तर न्यायासन ऐपतवाल्यांच्या मुलांपुरते उरेल. वकिलीचे करिअर गुणांइतकेच घरच्या आधारावर उभे असते, हे प्रवेशाच्या रांगेत कोणी सांगत नाही.

पैशाचे असे असले तरी दृष्टी मात्र बदलते, आणि ती सवयींमधून बदलते. पहिली सवय काळाची. निफाड तालुक्यात परगावचा व्यापारी बागेत येतो, द्राक्षे तोडून नेतो आणि चेक देतो. चेक परत आला की शेतकरी म्हणतो, ‘देईल की, जातो कुठे?’ कायदा शिकलेल्याच्या डोळ्यांपुढे मात्र कॅलेंडर उभे राहते. बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांच्या आत नोटीस, ती पोचल्यावर पैसे भरायला पंधरा दिवस, ते टळले की महिन्याभरात फिर्याद. भिडेपोटी थांबलेल्या माणसाचा हक्क असा दिवसादिवसाने झिजतो. गावाचा व्यवहार शब्दावर चालतो आणि कायदा तारखेवर. या दोहोंमध्ये उभे राहून वेळेवर बोलणारा एक जरी माणूस गावात असला, तरी त्या पदवीचे चीज होते.

दुसरी सवय दुसऱ्या बाजूची. दावा वाचला की त्याची कैफियत कुठे आहे हे विचारायचे. कोणी कितीही कळवळून सांगितले तरी कागद मागायचा, आणि कागद पाहिल्यावर तो कोणी, कधी, कोणत्या अडचणीत केला हेही विचारायचे. ही शेवटची पायरी पुष्कळांच्या हातून सुटते. 1875 च्या दख्खनच्या दंग्यांनंतर 1879 साली शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा आला. सावकाराच्या रोख्यावर अंगठा आहे म्हणून डोळे झाकून हुकूमनामा न देता मूळ कर्ज किती, व्याज किती, फेड किती, हा मागचा हिशेब उघडण्याचा अधिकार त्याने न्यायालयांना दिला. या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी विशेष न्यायाधीश म्हणून रानड्यांनी काम केले. कागदाला मान देणे आणि त्याच्या मागे जाऊन पाहणे, या दोन्ही गोष्टी एकाच विद्येत बसतात.

पाठांतर या सवयींच्या जागी उभे राहू शकत नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि खुनाचे 302 चे 103 झाले, फसवणुकीचे 420 जाऊन 318 आले. ज्यांनी फक्त आकडे घोकले होते त्यांची शिदोरी एका रात्रीत संपली. खून म्हणजे काय आणि फसवणूक कशाने ठरते हे ज्यांना कळले होते, त्यांना नवी अनुक्रमणिका तेवढी चाळावी लागली.

पण या सवयींची खरी परीक्षा न्यायालयात होत नाही, ती घरात होते. मुलगा किंवा मुलगी वकील झाली की घरच्या सातबाऱ्याकडे नव्याने पाहते. वडील गेल्यावर वारसांची नावे लागतात, आणि मग एक दिवस बहिणींना दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेऊन हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात. बदल्यात साडीचोळी, माहेरपण आणि ‘भाऊ तुला कधी अंतर देणार नाही’ हा शब्द. महाराष्ट्राने 1994 सालीच, तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा हक्क दिला. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने तो विवाहित मुलींनाही मिळाला. दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, हा हक्क जन्मानेच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. हे सगळे आपल्या नव्या वकिलाने परीक्षेत लिहिलेले असते. घरी त्या दिवशी तो काय करतो?

इथे रानड्यांचे उदाहरण पुन्हा आठवते, आणि ते सोयीचे नाही. विधवाविवाहाची बाजू हिरिरीने मांडणारे रानडे 1873 मध्ये पहिली पत्नी वारल्यावर, वडिलांच्या आग्रहापुढे नमून अकरा वर्षांच्या रमाबाईंशी विवाहबद्ध झाले. त्या वेळी ते पुण्यात न्यायाधीश होते. पुढे त्यांनी रमाबाईंना शिकवले, त्या मोठ्या कार्यकर्त्या झाल्या, हे खरे. तरी इतक्या मोठ्या कायदेपंडितालाही घरच्या उंबऱ्यावर आपली विद्या अपुरी पडली. तिथे धैर्य लागते आणि त्याचा पेपर अभ्यासक्रमात नसतो.

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ असे आपण म्हणतो. कायदा शिकलेला माणूस घरात भांडण लावतो, अशी भीतीही त्यामागे असते. पण वकील झालेल्या भावाने बहिणीला कोर्टात ओढावे असे कोणी म्हणत नाही. बहीण राजीखुशीने हक्क सोडू शकते, कायद्याला ते मान्य आहे. प्रश्न एवढाच, की आपण काय सोडतो आहोत हे तिला सहीपूर्वी कळले होते का, आणि ते कोणी सांगितले. या व्यवहारात भाऊ स्वतःच लाभार्थी आहे. एकाच प्रकरणात दोन्ही बाजूंचा वकील होता येत नाही हा धंद्याचा साधा नियम आहे, आणि तो नात्याने माफ होत नाही. म्हणून दस्त नोंदणीला नेण्यापूर्वी त्याने म्हणायला हवे, ‘ताई, हा कागद आधी दुसऱ्या वकिलाला दाखव, मग सही करायची की नाही ते ठरव.’ या वाक्यापायी अर्धा एकर कमी होईल. पण पुढे परक्या पक्षकारांना तो जो सल्ला देईल, तो विश्वासाने ऐकण्याजोगा ठरेल.