वारी संपली, नेम का संपावा?

सज्जनहो, वारकऱ्याचा सगळा परमार्थ नेमावर उभा आहे. वारी हाच मुळी एक नेम. गळ्यात माळ पडली की पंढरीची वारी, एकादशी, नित्य हरिपाठ, मद्यमांसवर्जन हे सारे ओघानेच आले. असे असूनही नवी मुंबईत वाशी, नेरूळ, घणसोली, कोपरखैरणे या भागांत कीर्तनाच्या निमित्ताने आम्ही जातो, तेव्हा मंडळी आम्हांस एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारतात. "महाराज, वारीत पहाटे उठतो, चालतो, वेळेवर दोन घास खातो, तंबाखूची आठवणदेखील होत नाही. घरी आलो की पंधरवड्यात सगळे मोडते. असे का व्हावे?"

प्रश्न दिसायला साधा, पण त्यात माणसाचे आयुष्य अडकले आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची जी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात देशात सुमारे १० कोटी लोकांस मधुमेह असल्याचा अंदाज निघाला. पाय बधिर झाले तर आळंदीची वाट कोण चालणार? डोळा अधू झाला तर कळसदर्शन कसले?

येथे कोणी शंका घेईल, की देह नाशिवंत, त्याचे एवढे लाड कशाला? बाबांनो, हे लाड नव्हेत. पुंडलीकाची कथा आठवा. आईबापांच्या देहाची सेवा चालली होती आणि दारात प्रत्यक्ष परब्रह्म येऊन उभे राहिले. पुंडलीकाने सेवा सोडली नाही; वीट पुढे सारली आणि देवाला थांबायला सांगितले. देवही रागावला नाही, कमरेवर हात ठेवून उभाच राहिला! देहाची सेवा हलकी असती, तर देव तिच्यासाठी ताटकळला असता काय? आणि नेम कसा असावा, तर असा: देव आला तरी न मोडणारा. आपला नेम तर शेजाऱ्याने चहाला हाक मारली तरी मोडतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. वारीत नेम का टिकतो? माउलींच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात लावून दिली. ते शिंद्यांच्या पदरी राहिलेले सरदार. त्यांनी सोहळ्याची आखणी फौजेसारखी केली. पहाटे पहिला कर्णा झाला की उठून तयारी, दुसऱ्याला सामान आवरणे, तिसऱ्याला चालणे. दिंड्यांचे क्रम ठरलेले, सकाळी कोणते अभंग आणि संध्याकाळी कोणते तेही ठरलेले. समाजआरतीला चोपदाराने दंड उंचावला की लाखांचा समुदाय गप्प. तेथे कोणी मनाशी वाद घालत बसत नाही की आज उठू का नको. कर्णा उठवतो, वीणा चालवते, सोबतचा वारकरी हात धरतो. म्हणजे वारीतला नेम आपण एकटे वाहत नाही, तो सर्वांच्या खांद्यावर असतो. घरी आलो की कर्णा नाही, वीणा नाही, दिंडी नाही. सगळा भार एकट्या मनावर पडतो; आणि मन किती चंचल, हे तर अर्जुनानेच भगवंताला सांगून टाकले आहे. तेव्हा उपाय उघड आहे. घरात कर्णा, क्रम आणि दिंडी या तिन्ही गोष्टी उभ्या केल्या पाहिजेत.

पहिला कर्णा. तुर्भ्याच्या बाजारात काम करणारे माथाडी बांधव म्हणतात, "महाराज, आमची रात्र गाड्या उतरवण्यात जाते. ब्राह्ममुहूर्ती उठायचे कसे?" यांत सातारा-पाटणकडची पुष्कळ मंडळी माळकरी आहेत. त्यांना आम्ही सांगतो, नेम घड्याळाला बांधू नका, कामाला बांधा. जनाबाईने नाम कशाला बांधले? जात्याला. सावतोबांनी मळ्याला, गोरोबांनी चिखलाला. जाते फिरले की नाम आलेच. तुम्ही घरी आल्यावर हातपाय धुता ना? मग हातपाय धुतले की हरिपाठ. जेवून उठले की शतपावली. अंथरुणाला पाठ टेकण्याआधी तो मोबाईल दुसऱ्या खोलीत. रोज होणारे जे काम, तोच तुमचा कर्णा.

दुसरा क्रम. वारीहून आलेला माणूस उत्साहाच्या भरात एकदम दहा नेम धरतो आणि दहाही सोडतो. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात याची युक्ती सांगितली आहे. अंगवळणी पडलेले अहितकर एकदम टाकू नये; चौथा हिस्सा कमी करावा, त्या जागी हितकर चौथा हिस्सा घालावा, ते अंगी मुरू द्यावे, मग पुढचा हिस्सा. अशा रीतीने गेलेला दोष परत येत नाही आणि आलेला गुण हलत नाही, असा त्यांचा अभिप्राय. चहात चार चमचे साखर असेल तर आधी तीन करा. दहा मिनिटे चालणे जमले की पंधरा करा. मात्र दारूच्या बाबतीत माळेचा दंडक स्पष्ट आहे, तेथे हिस्से नाहीत. पण व्यसन अंगात भिनले असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडा, त्यात लाज कसली?

तिसरी दिंडी. सोसायटीतली चार घरे मिळून संध्याकाळी हरिपाठ लावा. एक दिवस आला नाहीत तर दार वाजवणारा कोणी असला पाहिजे. नवऱ्याचे पथ्य एकट्या बायकोवर लादू नका; घराचे ताट एकच असू द्या.

"किती दिवसांत नेम अंगवळणी पडतो?" असेही विचारतात. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २०१० साली छापला. जेवणाबरोबर फळ खाणे, जेवणाआधी धावणे, असे एकेक काम रोज त्याच प्रसंगी करायचे होते. काम आपोआप होऊ लागण्यास मधल्या मानाने ६६ दिवस लागले. कोणाला १८ पुरले, तर कोणाचा हिशेब २५४ वर गेला. आमच्याकडे चातुर्मासाचा नेम आषाढीपासून कार्तिकीपर्यंत चार महिन्यांचा. म्हणजे मुदत चांगली भरपूर आहे! त्याच अभ्यासात असेही दिसले की एखादा दिवस चुकल्याने घडी विस्कटत नाही. म्हणून खंड पडला तर खंत करीत बसू नका, दुसऱ्या दिवशी उभे राहा. पालखीत मागे पडलेला वारकरी आळंदीला परत जातो काय? तो पाऊल उचलतो आणि दिंडी गाठतो.

एकादशीविषयी एक शब्द. साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याच्या तळलेल्या काचऱ्या, याला पोट उपवास म्हणत नाही. आणि मधुमेहाची औषधे चालू असतील त्यांनी उपवासाआधी डॉक्टरांना विचारावे. देव भुकेला भावाचा आहे, तुमच्या चक्कर येण्याचा नव्हे.

असो. आजच दहा नेम धरू नका. एकच धरा, रोजच्या एका कामाला बांधा, एका सोबत्याला सांगा, आणि तो कार्तिकीपर्यंत न्या. मग कार्तिकीला विठोबापुढे उभे राहाल तेव्हा नारळाबरोबर तो नेमही पायावर ठेवा. त्याहून गोड नैवेद्य आमच्या पाहण्यात नाही.

पुंडलीक वरदे हरि विठ्ठल!