गुरु आडवा येतो काय?

गुरु सिंह राशीस आला म्हणजे नंदुरबार जिल्ह्यात प्रकाशा येथे, तापी-गोमाईच्या काठी, पर्वस्नानाला माणूस लोटतो. गौतमेश्वराच्या या मेळ्याची वाट बारा वर्षे पाहावी लागते, कारण गुरूची सूर्याभोवतीची एक फेरीच सुमारे बारा वर्षांची. येथवर ठीकच. परंतु त्याच सुमारास आपल्या घरोघरी दुसरेही बोलणे निघते, “सिंहस्थ लागला, पोरीचं लगीन राहू द्या.” कोठे ‘गुरुबळ नाही’ म्हणून जमलेली सोयरीक मोडते. तेव्हा, संतजनहो, गुरु खरोखरच आडवा येतो काय, हे आपण विचारले पाहिजे.

आधी तो गुरु बघावा तरी! तोरणमाळसारख्या उंच जागी, हवा निश्चल असता, लहान दुर्बिणीतून पाहिले तर प्रथम नुसता पांढुरका, किंचित चपटा गोळा दिसतो. डोळा ठरला म्हणजे दोन काळपट पट्टे उमटतात. शेजारी चार चंद्र, जे गॅलिलिओने 1610 साली पाहिले. दुर्बीण मोठी असेल तर तांबडा डागही दिसेल. पण तो आपल्या बाजूस आलेला असला पाहिजे, कारण एवढा प्रचंड गोळा दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो. बरे, हे पट्टे म्हणजे जमीन नव्हे, ढग आहेत. पाय टेकायला तेथे भुईच नाही. 1995 साली एक यंत्र त्या ढगांत सोडले, ते तासाभरात मुके झाले.

तो डाग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुमारे 40,000 किलोमीटर लांब होता. आज त्याच्या निम्म्याहूनही कमी उरला आहे. हे कसे कळले? पाहणाऱ्यांनी जे दिसले तेवढेच काढले, वर तारीख-वेळ घातली, ऐकीव काही मिसळले नाही, म्हणून कळले. आपण मात्र ज्याचा एक पट्टाही पाहिला नाही, त्याच्या नावावर पोरीचे नशीब लिहून मोकळे होतो!

कोणी म्हणेल, “न दिसणारे खोटे, तर मग तुमचा देव?” प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे की, पांडुरंगावर भाव ठेवला म्हणजे मनुष्य आपला दोष आपल्या पदरी घेतो आणि सुधारू लागतो. ग्रहावर भार टाकला म्हणजे हुंड्याचा लोभ, भावकीचे वैर, बापाचा भिडस्तपणा, सारे त्या ढगांआड लपते. ज्या श्रद्धेने अंगावर जबाबदारी येते ती धरावी; जिने ती दुसऱ्यावर ढकलता येते ती सोडावी.

गुरु हे आकाशातले घड्याळ आहे. त्याने स्नानाची वेळ सांगावी, आम्ही संगमावर जावे. पण घड्याळाने कोणाचे लग्न मोडत नाही. ते आपणच मोडतो. तेव्हा पुढल्या पर्वात तापीत बुडी मारताना एवढा आळ तरी त्या बिचाऱ्यावरून उतरवू या.

रामकृष्णहरि.