धुराची चाहूल आणि अकाली मृत्यू

चरकसंहितेच्या विमानस्थानात एक प्रसंग आहे. उन्हाळा सरत आला आहे. पांचालांच्या कांपिल्य नगरीजवळ, गंगेकाठच्या रानातून आत्रेय पुनर्वसू शिष्यांसह फिरत आहेत. बोलणे चालले आहे ते गावेच्या गावे ओस पाडणाऱ्या साथींविषयी. त्या ओघात अग्निवेश गुरूंना विचारतो, माणसाचे आयुष्य आधीच ठरलेले असते की नसते?

आत्रेय दैव नाकारत नाहीत. आयुष्य दैव आणि पुरुषकार, म्हणजे माणसाचा प्रयत्न, या दोहोंच्या बळाबळावर अवलंबून असते, असे ते म्हणतात. मात्र सगळ्यांचे सगळे आयुष्य ठरलेलेच असते, हे मत ते खोडून काढतात. तसे असते तर कुणाला औषधाची गरज पडली नसती, पिसाळलेल्या हत्तीच्या वाटेतून कुणी बाजूला झाले नसते आणि भडकलेल्या आगीपासून दूर जाण्याचेही कारण उरले नसते. माणसे बाजूला होतात, पळतात, औषध घेतात. म्हणजे तोंडाने काहीही म्हणोत, वागण्यातून ती अकाली मृत्यू मान्यच करतात. पुढे आत्रेय गाडीच्या आसाचा दाखला देतात. चांगला आस आपल्या काळाने झिजून संपतो. पण भार जास्त झाला, रस्ता वाईट निघाला, वंगण घालायचे राहिले, तर तोच आस वाटेतच मोडतो.

मोठी आग लागून गेली की आपल्याकडे एक वाक्य हमखास कानावर येते : त्यांची वेळ भरली होती. मागे राहिलेल्यांना त्या वाक्याचा आधार असतो आणि तो काढून घेण्याचा अधिकार कुणालाच नाही. मात्र हेच वाक्य आगीच्या आधीही बोलले जाते. सोसायटीच्या सभेत स्मोक डिटेक्टरच्या देखभालीचा विषय निघतो, खर्चाचा आकडा वाचला जातो आणि कुणीतरी म्हणते, होणारे चुकत नाही. आगीनंतरचे सांत्वन आगीआधी उच्चारले की त्याचा अर्थच पालटतो. ते टाळाटाळीचे तत्त्वज्ञान होते, आणि त्याला श्रद्धेचे नाव देणे श्रद्धेवरही अन्याय आहे.

या तत्त्वज्ञानाची परीक्षा भंडाऱ्यात झाली. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागली. ड्यूटीवरच्या परिचारिकेला धूर दिसला. कक्षात १७ बाळे होती, त्यांपैकी ७ वाचवता आली आणि १० गेली. त्यातली बहुतेक धुराने गुदमरली. काही दिवसांच्या जिवाची वेळ भरली होती असे म्हणायला जीभ रेटत नाही. मग प्रारब्धाचा हिशेब मांडणाऱ्यालाही गप्प राहून वायरिंगकडे, यंत्रांकडे आणि तपासणीच्या कागदांकडे वळावे लागते.

आगीत माणसे मरतात ती पुष्कळदा ज्वाळा पोहोचण्याआधीच. अर्धवट जळणाऱ्या वस्तूंमधून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. धुराला वास असतो हे खरे, पण गाढ झोपेत नाक जवळजवळ बंदच पडते. वासाने जाग येईल हा भरवसा फोल आहे. कान मात्र झोपेतही बऱ्यापैकी जागे राहतात. धुराची खबर आवाजात बदलून द्यायची, एवढेच काम छताला लावलेली ती पांढरी डबी करते.

तिच्या जन्मातही दैव आणि पुरुषकार दोन्ही आहेत. १९३० च्या दशकात स्वित्झर्लंडमधला भौतिकशास्त्रज्ञ वॉल्टर येगर विषारी वायू ओळखणारे उपकरण बनवू पाहत होता. वायू काही ओळखला जाईना. वैतागून त्याने सिगारेट पेटवली आणि उपकरणातला विद्युतप्रवाह घटलेला त्याला दिसला. धुराने ते उपकरण जागे झाले होते. योगायोग एवढाच. त्यावरून घराघरांत लावता येईल असा स्वस्त, बॅटरीवर चालणारा डिटेक्टर तयार व्हायला पुढची तीसेक वर्षे आणि अनेकांचे कष्ट लागले. आज इमारतींत बहुधा प्रकाशावर चालणारा डिटेक्टर असतो. आतल्या काळ्या कप्प्यात प्रकाशाचा झोत सोडलेला असतो, आणि तो सरळ पडणार नाही अशा जागी संवेदक बसवलेला असतो. धूर आत शिरला की प्रकाश विखुरतो, संवेदकावर पडतो आणि हूटर वाजतो.

पण त्याच कप्प्यात धूळ साचते, कोळी जाळे विणतो, रंगकाम करणारा त्यावर ब्रश फिरवून जातो. मग डबी नको तेव्हा ओरडते किंवा हवी तेव्हा मुकी राहते. अमेरिकेत घरांच्या आगींत होणाऱ्या मृत्यूंपैकी पाचांतले साधारण तीन मृत्यू अलार्म नसलेल्या किंवा असूनही न चालणाऱ्या घरांत होतात. म्हणून तिथली एनएफपीए ही संस्था घरातला अलार्म दर महिन्याला वाजवून पाहायला आणि १० वर्षांनी बदलायला सांगते. आपल्याकडे महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ आहे. इमारतीतली अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यावे, असे तो सांगतो. जबाबदारी मालकाची आणि भोगवटादाराची. चरकाच्या दाखल्यातले वंगण ते हेच.

यंत्रणा बसवताना उत्साह असतो, देखभालीला तो नसतो. बसवलेली वस्तू दिसते, तिचे उद्घाटन करता येते. देखभाल नीट झाली तर काहीच घडत नाही, आणि काहीच न घडणे हेच तिचे फळ असते. कुणाचा जीव वाचला, तो केव्हा वाचला, हे करणाऱ्याला कधीच कळत नाही. फळाची आशा न ठेवता कर्म करण्याची गोष्ट आपण प्रवचनात ऐकतो. शिडीवर चढून धूळ झटकणाऱ्या तंत्रज्ञाच्या आणि त्याचे बिल वेळेवर मंजूर करणाऱ्या सेक्रेटरीच्या कामात ती रोखठोक उभी असते.

धर्माचा आणि या डबीचा खरा तंटा होतो तो पूजेच्या दिवशी. वास्तुशांतीचा होम, सत्यनारायणाचा धूप, आरतीचा कापूर. हूटर वाजू लागतो, मग कुणी डिटेक्टरला प्लॅस्टिकची पिशवी बांधतो, कुणी अलार्मचे पॅनेलच बंद करतो. पूजा आटोपते, प्रसाद वाटला जातो, आणि पिशवी तशीच राहते. देवघरात धूर नको असे कुणी म्हणत नाही. मार्ग साधे आहेत. स्वयंपाकघरात धुराऐवजी उष्णतेवर चालणारा डिटेक्टर लावता येतो. होमाच्या वेळी तेवढाच भाग पॅनेलवरून थोडा वेळ वेगळा करून तिथे एक माणूस लक्ष ठेवायला बसवता येतो. यंत्रणा पुन्हा सुरू झाल्याची नोंद वहीत झाल्यावरच कार्य पार पडले असे धरावे. घराच्या रक्षणासाठी केलेल्या शांतीने घराचा पहारा उठवावा, हे शांतीच्या हेतूलाच धरून नाही.

आणि डबीने हाक दिली तरी ऐकणारा तयार लागतो. १५ एप्रिल २०१९ च्या संध्याकाळी पॅरिसच्या नोत्र दाम चर्चमध्ये उपासना चालू असताना यंत्रणेने धूर वेळेवर टिपला. पण संदेशाचा अर्थ चुकीचा लागला आणि रखवालदार मुख्य छताऐवजी शेजारच्या इमारतीच्या माळ्यावर गेला. चूक कळेपर्यंत अर्धा तास गेला होता आणि शतकांपूर्वीचे लाकडी छत पेटले होते. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. चर्च पुन्हा उघडायला डिसेंबर २०२४ उजाडले.

ईश्वरावर भरवसा ठेवणाऱ्या इतर परंपरांनीही सावधगिरीला श्रद्धेचा उणेपणा मानलेले नाही. नव्या घराच्या गच्चीला कठडा घालावा, नाहीतर पडून मेलेल्याच्या रक्ताचा दोष घरावर येतो, अशी आज्ञा यहुदींच्या तोरात अनुवाद ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायात आहे. अलिबाग-पेण भागात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आलेल्या बेने इस्रायलींचाही तो धर्मग्रंथ. मदिनेत एका रात्री घर माणसांसकट जळाले, तेव्हा आग तुमची वैरी आहे, झोपताना ती विझवत जा, असे प्रेषित मुहंमदांनी सांगितल्याचे हदीसमध्ये नमूद आहे. कठडा काय किंवा विझवलेला दिवा काय, दोन्हींत भार देवावर नव्हे, घर चालवणाऱ्यावर टाकलेला आहे.

महाभारतातल्या लाक्षागृहाची कथा या भाराची दुसरी बाजू दाखवते. विदुराने युधिष्ठिराला गूढ भाषेत सावध केले, भुयार खणायला माणूस पाठवला, आणि पांडव कुंतीसह निसटले. पण त्या रात्री जेवायला आलेली एक निषादी आणि तिचे पाच मुलगे तिथेच झोपले होते. त्यांच्यापर्यंत इशारा पोहोचला नाही. सकाळी सापडलेले जळके देह लोकांनी पांडवांचे समजले. कथेचे नायक वाचले म्हणून वाचकाला हायसे वाटते. इशारा कुणाला मिळाला आणि कुणाला नाही, हा प्रश्न मात्र त्या सहा देहांनी कायमचा विचारून ठेवला आहे.

आजच्या इमारतीतही सभेला न येणारे पुष्कळ असतात. जिन्याखाली झोपणारा वॉचमन, मुक्कामी कामवाली बाई, मत नसलेला भाडेकरू, हूटर ऐकू न येणारे आजोबा, ज्यांना चमकणाऱ्या दिव्याचा अलार्म लागतो. जानेवारीचे किंवा जुलैचे प्रमाणपत्र जायच्या आधी कमिटीने आपल्या समोर प्रत्येक मजल्यावर कॅनमधला कृत्रिम धूर सोडायला लावावा, आणि हूटर वाजला की या सगळ्यांकडे जाऊन विचारावे, तुमच्यापर्यंत पोहोचला का? एकाने जरी नाही म्हटले तरी त्या कागदावर सही होऊ नये.