नादारी मिळाली, देणे फिटले काय?

मंडईत कोणा गाळेवाल्याने नादारीचा अर्ज केल्याची बातमी फुटली की दोन तऱ्हेचे बोलणे कानी येते. एक म्हणतो, "सुटला बिचारा." दुसरा म्हणतो, "सुटला कसला? चार लोकांना टोपी घातली आणि मोकळा झाला." दोघेही भले गृहस्थ असतात, दोघांच्याही गळ्यात माळ असते, आणि दोघांनाही आपलेच म्हणणे धर्माचे वाटते. तेव्हा प्रश्न असा की, कोर्टाने कर्जदाराला मोकळे केले म्हणजे तो पांडुरंगापुढेही मोकळा झाला काय?

प्रथम हे ध्यानात घ्यावे की मंडईतला धंदा उधारीवाचून चालत नाही. १८८६ साली रे मार्केट या नावाने ही मंडई उघडली, पुढे तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले, घाऊक बाजार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला. पण व्यवहाराची रीत तीच राहिली. आडत्याकडून माल उचलायचा, विकायचा, मग पैसे चुकते करायचे. कोथिंबीर काही कोणाची वाट पाहत नाही. सकाळी ताठ असलेली जुडी दुपारी मान टाकते आणि संध्याकाळी मिळेल त्या भावाने काढावी लागते. चार दिवस पाऊस लागून राहिला, घरात दुखणे निघाले, की आजच्या विक्रीतून कालचे देणे आणि उद्याच्या मालासाठी नवे कर्ज असा फेरा सुरू होतो. यात लोभ थोडा आणि नड फार.

'दिवाळे' हा शब्दच पाहा. जुनी माणसे सांगत की बुडालेला व्यापारी भर दिवसा पेढीवर दिवा लावून ठेवी. येणाऱ्याजाणाऱ्याने ओळखावे की येथे आता देणे भागत नाही. लाज होती खरी, पण ती दिव्याच्या उजेडात होती. ही गोष्ट मनात ठेवून आपण कायद्याकडे वळू.

मुंबईसारख्या इलाखा-शहरांसाठी १९०९ चा आणि पुण्यासारख्या बाकीच्या मुलखासाठी १९२० चा, असे नादारीचे दोन कायदे झाले. २०१६ साली नवी दिवाळखोरी संहिता आली खरी. पण तिचा व्यक्तींविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता. १९२० च्या कायद्याने पाचशे रुपयांवर कर्ज असून ते फेडता येत नसेल तर ऋणकोला स्वतः अर्ज करता येतो. तो नादार ठरला की त्याची मालमत्ता कोर्टाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते आणि धनकोंना रकमेच्या प्रमाणात वाटली जाते. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, आणि धर्मरीतीप्रमाणे स्त्रीने अंगावेगळा करू नये असा दागिना यांना कोणी हात लावायचा नाही. मात्र या सवलतीतून एक वस्तू मुद्दाम वगळलेली आहे: हिशेबाची वही. भांडे तुझे तुला राहू दे, वही मात्र पुढे ठेव, असे कायदा सांगतो.

आणि वही पाहून मग तो विचारतो. नादार होण्याआधीच्या तीन वर्षांत हिशेब नीट ठेवलास काय? आपण बुडालो हे कळल्यावरही माल उचलत राहिलास काय? फेडण्याची आशा नसताना कर्ज काढलेस काय? सट्टा, जुगार, उधळपट्टी केलीस काय? उरलेली मालमत्ता रुपयाला आठ आणे तरी भरते काय? भरत नसेल आणि त्यात तुझा दोष नसेल, तर तसे दाखवून दे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि नदीकाठच्या पेठांतली दुकाने मालासकट वाहून गेली. त्या दुकानदाराला कोण दोषी म्हणेल? हा कायदा इंग्रजी वळणाचा आहे. विलायतेत १९१४ चा कायदा होता, त्यातही हीच कसोटी: पौंडाचे शिलिंग वीस, मालमत्ता दहा शिलिंग तरी भरते काय? १९५०-६० च्या सुमारास तिकडचा कोपऱ्यावरचा किराणावाला बुडाला की त्याचे नाव 'लंडन गॅझेट'मध्ये छापून येई आणि उघड चौकशीत शपथेवर त्याला सांगावे लागे की पैसा गेला कोठे. देश कोणताही असो, न्यायासनाने 'तू गरीब का झालास' एवढेच विचारलेले नाही. 'तू काय लपवलेस' हे विचारले आहे.

म्हणजे प्रामाणिक नादारी हे पाप नव्हे. हे आम्ही स्पष्ट लिहितो, कारण लाजेपोटी रातोरात गाव सोडणारी आणि जिवाचे बरेवाईट करून घेणारी माणसे आपल्यातच आहेत. माउली, पैशाच्या देण्यासाठी प्राण द्यावा असे कोणत्याही संताने सांगितलेले नाही.

पण म्हणून देणे फिटले काय? येथे दुसऱ्या गृहस्थाचेही ऐकले पाहिजे. कोर्टाने मुक्तता दिली तरी लबाडीने केलेले कर्ज त्यातून सुटत नाही, असे कायदाच म्हणतो. आणि आणखी एक गोष्ट, जी फार थोड्यांना ठाऊक असते: ऋणको सुटला तरी त्याचा जामीन सुटत नाही. शेजारच्या गाळ्यावरच्या माणसाने तुमच्या शब्दाखातर कागदावर सही केली. तुम्ही मोकळे झालात आणि तगादा त्याच्या दारी गेला. वीस वर्षे एका नळावर पाणी भरले, एकमेकांच्या गाळ्यावर नजर ठेवली, त्याचे काय? हमालाचेही तेच. १९२० च्या कायद्याने नोकर-मजुरांची मजुरी आधी द्या म्हटले, पण प्रत्येकी वीस रुपयांपर्यंत. त्यापुढची हमाली इतर देण्यांच्या रांगेत. कोर्ट आकड्यांची वाटणी करते. कोणाच्या चुलीवर त्याची झळ गेली हे मोजणे तुमच्या-आमच्या मनाकडे उरते.

याबाबत आपल्या संप्रदायाजवळ मोठी शिदोरी आहे, कारण तुकोबाराय स्वतः वाणी होते आणि त्यांचे दिवाळे निघाले होते. दुष्काळात घर बुडाले, पत गेली. पुढे वैराग्य आल्यावर त्यांनी लोकांकडून येणे असलेली खते काढली, धाकट्या कान्होबांचा अर्धा वाटा त्यांच्या हाती दिला आणि आपला अर्धा इंद्रायणीत सोडला. कीर्तनात हे आपण पुष्कळदा ऐकतो, पण त्यातला हिशेब नजरेतून निसटतो. बुडवली ती खते लोकांनी तुकोबांना द्यावयाच्या पैशाची होती, तुकोबांनी लोकांना द्यावयाच्या पैशाची नव्हेत. आणि भावाच्या वाट्याला त्यांनी हात लावला नाही. आपले येणे माणसाला सोडता येते. दुसऱ्याचे येणे आपण सोडून देऊ शकत नाही. परंपरा सांगते की याच इंद्रायणीने अभंगांच्या वह्या तेरा दिवसांनी वर दिल्या. खते मात्र वर आली नाहीत.

पुणे जिल्ह्यातच सुपे येथे १२ मे १८७५ रोजी दुसरे कागद नाहीसे झाले. शेतकऱ्यांनी सावकारांची खते जाळली. त्या खतांत खोटे पुष्कळ होते, म्हणून जाळणाऱ्यांना आम्ही नावे ठेवीत नाही. पण खत जळाल्याने खोटे कर्ज खोटे ठरले नाही. त्यासाठी १८७९ चा कायदा व्हावा लागला, ज्याने कोर्टाला खताच्या मागे जाऊन मुळापासूनचा हिशेब तपासण्याची मुभा दिली. येथेही शेवटी वहीच उघडावी लागली.

दामाजीपंतांची कथा घ्या. दुष्काळात त्यांनी बादशहाचे कोठार लोकांना खुले केले. धान्य परक्याचे होते. तेव्हा पांडुरंग विठू महार होऊन बेदरला गेला आणि त्याने बादशहाला 'सोडून द्या' असे सांगितले नाही. पैसे मोजून भरले आणि पावती घेतली. भक्तासाठी देवसुद्धा देणे बुडवीत नाही, भरतो.

यावर कोणी अडचण काढील की जिजाईंनी आपल्या नावावर कर्ज काढून दिलेले भांडवल तुकोबांनीच वाटेत एका कर्जबाजारी गृहस्थाला सोडविण्यासाठी देऊन टाकले, ते कसे? अडचण खरी आहे. ती झाकण्यात अर्थ नाही. आम्हांला एवढेच वाटते की त्या कथेत जिजाईंचा संताप सांगितला जातो आणि श्रोते हसतात. पण सावकार विचारायला येणार होता तो त्यांच्याकडे. संताची करुणा थोर खरीच, पण तिचा भार कोणाच्या डोक्यावर पडला हेही त्याच कथेत लिहिलेले आहे. जो आपल्या दिवाळ्याला वैराग्याचे नाव देतो त्याने आधी घरातल्या जिजाईंना विचारावे.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. सूट देणे हा धनकोचा धर्म आहे. सत्य सांगणे हा ऋणकोचा. ज्याचे बुडाले त्याने दिवा लावावा, गाव सोडू नये, मेहुण्याच्या नावावर काही करू नये, वही उघडी ठेवावी. कोर्टाने सोडल्यावर हात चालू लागला तर आधी जामिनाचे, मग हमालाचे आणि पाटी घेऊन आलेल्या शेतकऱ्याचे जमेल तसे देत राहावे. तेथे कायद्याचा धाक नाही, म्हणून तर ते देणे धर्माचे. ज्याचे येणे आहे त्याने, बुडालेला खरा असेल तर, आपला अर्धा इंद्रायणीत सोडावा. निदान त्याला चारचौघांत चोर म्हणू नये. आणि बाकीच्या मंडळींनी एवढे करावे की तो माणूस पुन्हा तराजू घेऊन बसला तर पहिली भवानी त्याच्याकडे करावी.

देवापुढे मोकळा कोण? ज्याची वही कोणीही केव्हाही उघडून पाहावी, तो. मग तिच्या शेवटी बाकी उरलेली असली तरी चालेल.