नकाराचा रकाना

केसपेपरवर एक ओळ असते: ‘डायलिसिसबद्दल समजावले. नातेवाइकांचा नकार.’ खाली थोरल्या मुलाची सही. ती घेतली की फाइल जवळजवळ मिटते, कारण यंत्र नको म्हटलं म्हणजे उपचारच नको म्हटलं, असं धरलं जातं. गेल्या साठ-पासष्ट वर्षांत किडनीच्या उपचारांत यंत्रं तर सुधारलीच, पण त्याहून मोठा बदल मला या ओळीच्या अर्थात झालेला दिसतो.

सुरुवातीला नकार रुग्णाचा नव्हताच. १९६० साली सिएटलमध्ये बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी टेफ्लॉनची नळी हातातल्या धमनीला आणि शिरेला कायमची जोडून ठेवली आणि त्याच माणसाचं डायलिसिस पुन्हा पुन्हा करणं शक्य झालं. यंत्रं मोजकी, मरणारे पुष्कळ. मग १९६२च्या सुमारास शहरातल्या सामान्य नागरिकांची एक समिती कुणाला जागा द्यायची ते ठरवू लागली. पंचेचाळिशी ओलांडलेल्यांचा विचारच होत नसे. ‘लाइफ’ साप्ताहिकात शाना अलेक्झांडर यांनी या समितीवर लिहिलं तेव्हा अमेरिका हादरली. पुढे १९७२च्या कायद्याने डायलिसिसचा खर्च सरकारने उचलला आणि लंबक पार दुसऱ्या टोकाला गेला. आता ऐंशीच्या घरातले, हृदय थकलेले, स्मृती हरवत चाललेले आजोबाही आठवड्यातून तीनदा, चार-चार तास खुर्चीवर बसू लागले. आधी यंत्र मिळत नव्हतं. आता ते नको म्हणायची सोय उरली नाही.

शंका आकड्यांतून आली. २००७मध्ये ब्रिटनमधल्या एका अभ्यासात पंचाहत्तरीपुढच्या रुग्णांत दिसलं, की हृदयविकारासारखे इतर आजार जास्त असतील तर डायलिसिसने आयुष्य लांबवण्याचा फायदा जवळजवळ उरत नाही. २००९मध्ये अमेरिकेतल्या नर्सिंग होममधल्या ३,७०२ जणांचा हिशेब आला: डायलिसिस सुरू झाल्यावर वर्षभरात ५८ टक्के गेले, आधीइतकं स्वतःचं स्वतः करू शकणारे अवघे १३ टक्के उरले. पण बाजू एकतर्फी नाही. त्याच वर्षी लंडनच्या एका अभ्यासात सत्तरीपुढचे डायलिसिसवाले सरासरी अडतीस महिन्यांच्या आसपास जगले, यंत्राशिवायचे चौदाच्या आसपास. फरक मोठा आहे आणि तो लपवणारा डॉक्टर मला नको. फक्त त्याच अभ्यासात असंही निघालं, की डायलिसिसवाल्यांचे जवळजवळ निम्मे दिवस इस्पितळात किंवा इस्पितळाच्या फेऱ्यांत गेले. बाकीच्यांचे शंभरातले चार-साडेचार.

मग महिने मोजायचे की दिवस? हे तोवर डॉक्टरच ठरवत आले होते. खरं वळण आलं ते हा प्रश्न रुग्णांना विचारला तेव्हा. २०१४मध्ये ‘साँग’ नावाचा आंतरराष्ट्रीय उपक्रम सुरू झाला. संशोधनात नेमकं काय मोजायचं हे त्यात रुग्ण, घरचे आणि डॉक्टर मिळून ठरवतात. डायलिसिसच्या यादीत रुग्णांनी थकव्याला वर आणलं; डॉक्टरांचं लक्ष मृत्युदराकडे जास्त होतं. आणि एका वेगळ्या पाहणीत यंत्राशिवायच्या रुग्णांना विचारलं तेव्हा चारांतले सुमारे तिघे थकव्याबद्दल आणि अंगाला सुटणाऱ्या खाजेबद्दल बोलले. रात्र रात्र खाजवून चादरीला रक्ताचे डाग पडतात, पण किडनीचं काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनच्या रिपोर्टात खाज दिसत नाही. ती विचारावी लागते. विचारली, तर गॅबापेंटिन या औषधाच्या अगदी छोट्या डोसानेही कित्येकांना झोप लागते.

डोस छोटा का, इथे डॉक्टरांची अडचण सुरू होते. हे औषध किडनीवाटेच बाहेर पडतं. दुखण्यासाठी दिलेल्या मॉर्फिनचे अवशेषही त्याच वाटेने जातात, आणि ती वाट बंद झाली की ते साचून माणूस गुंगीत जातो. गावातल्या फॅमिली डॉक्टरला हे धाडस एकट्याने कसं होणार? किडनीतज्ज्ञाच्या मनातली टोचणी वेगळीच: यंत्र दिलं नाही म्हणजे मी रुग्णाला वाऱ्यावर सोडलं का? कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात सारा डेव्हिसन यांच्या पुढाकाराने यंत्राशिवायच्या उपचारांचा जो मार्ग आखला गेला, तो मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. तो रुग्ण, कुटुंबं आणि डॉक्टर यांना बरोबर घेऊन बांधला गेला. निर्णयाला मदत, प्रत्येक त्रासासाठी औषधांची दिशा, प्रकृती अचानक बिघडली तर काय करायचं, शेवटच्या दिवसांबद्दल काय ठरलंय, सगळं त्यात आहे. नकारापुढे एक कामाची यादी आली.

आपल्याकडे हे आणताना मात्र माझी लेखणी अडखळते. किडनीतज्ज्ञांच्या ‘केडिगो’ या जागतिक संस्थेने २०१३च्या परिषदेत दोन गोष्टी मुद्दाम वेगळ्या काढल्या: विचार करून निवडलेले यंत्राशिवायचे उपचार, आणि यंत्र परवडत नाही किंवा जवळ नाही म्हणून वाट्याला आलेले. आपल्याकडे पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६मध्ये सुरू झाला, जिल्हा रुग्णालयांत मशिनं आली, गरिबांना ती फुकट मिळू लागली. मशिन फुकट आहे. एसटीचं भाडं आणि सोबत येणाऱ्या मुलाची बुडालेली रोजंदारी फुकट नाही. म्हणून कुणी तीनच्या ठिकाणी दोनदा येतो, मग एकदा, मग येतच नाही. अशा माणसाला ‘तुम्ही शांतपणे घरी राहणं निवडलंत’ असं म्हणायची मला लाज वाटेल. पण त्यालाही खाज सुटते, रात्री दम लागतो, आणि त्या वेळी फोन कुणाला करायचा हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. त्याच्या केसपेपरवरही ‘नातेवाइकांचा नकार’ एवढंच लिहिलेलं असतं.