दोन मिलिमीटर

माझी डावी पापणी उजवीपेक्षा दोन मिलिमीटर खाली आहे. आकडा डॉक्टरांचा. आमच्या आर्वीकडच्या आजोळात तो कुणाला लागत नव्हता, तिथे सरळ विचारायचे, "काय वं पोरी, झोप येऊन राह्यली काय तुले?" मीही हसायचे. मग लग्नासाठी फोटो काढायचा झाला आणि वर्धेच्या फोटोग्राफरने काही न बोलता माझी हनुवटी धरून चेहरा असा वळवला, की डावा डोळा मागे जावा. त्या दिवसापासून मी प्रत्येक ग्रुप फोटोत जागा निवडून उभी राहते. अलीकडे शाळेच्या ऑनलाइन बैठकांत स्वतःचाच चेहरा तासन्‌तास समोर यायला लागला, आणि चाळिशी ओलांडल्यावर मनाने घेतलं की ऑपरेशन करून टाकावं.

डॉक्टरांनी आधी जुने फोटो मागितले. पापणी पूर्वीपासून अशीच की नंतर पडली, हे त्यावरून कळतं. संध्याकाळी जास्त जड होते का, एकाची दोन दिसतात का, घास गिळायला त्रास होतो का, हेही विचारलं. मायस्थेनिया ग्रेव्हिस नावाच्या आजारात स्नायू दिवसभरात थकत जातात आणि कधी कधी त्याची पहिली खूण पापणीवरच दिसते. तसं काही नव्हतं. मग त्यांनी अंगठ्याने माझी भुवई दाबून धरली. पापणी उचलायला कपाळ गुपचूप मदत करत असतं, ती मदत बंद करून पट्टीने मोजायचं.

त्यानंतर जे केलं ते मला अजून विसरता येत नाही. त्यांनी बोटाने डावी पापणी वर उचलून धरली आणि आरशात बघायला सांगितलं. उजवी हळूच खाली आली! दोन्ही पापण्यांना मेंदूकडून सारखाच हुकूम जातो. डावी कमी पडते म्हणून हुकूम जोराचा जातो, आणि उजवी गरजेपेक्षा जास्त उघडते. म्हणजे ज्या डोळ्याला मी आयुष्यभर 'चांगला' म्हणत आले, तोही मुळात तेवढा मोठा नव्हताच.

ऑपरेशन तसं सरळ आहे. पापणी उचलणारा स्नायू आखडता घ्यायचा. मोठ्या माणसात फक्त तेवढा भाग बधिर करतात आणि मध्येच डोळे उघडायला लावून उंची जुळवतात. तरी थोडा फरक राहू शकतो, क्वचित पुन्हा टाके घालावे लागतात. मी विचारलं, "डोळा नीट मिटेल ना?" ते म्हणाले, "काहींना झोपेत बारीक फट राहते. मग थेंब, मलम."

न मिटणारा डोळा वर्धेला नवा नाही. शहराला लागून असलेल्या दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी 1936 मध्ये कुष्ठरुग्णांसाठी काम उभं केलं. कुष्ठरोगात चेहऱ्याची नस गेली की पापणी मिटत नाही. बुबुळाची संवेदना गेलेली असेल तर कचरा गेलेलाही कळत नाही. डोळा कोरडा पडतो, जखम होते, नजर जाते. यावरही शस्त्रक्रिया आहे. कानशिलावरचा, चावायला लागणारा स्नायू पापणीपर्यंत आणतात, आणि मग माणूस दात आवळून डोळा मिटायला शिकतो. हे समजल्यावर माझ्या दोन मिलिमीटरची मलाच थोडी लाज वाटली.

पण लाजही पुरी खरी नव्हे. त्याच रुग्णांच्या झडलेल्या भुवयांच्या जागी मुंबईच्या डॉ. नोशिर अंतियांसारख्या सर्जनांनी डोक्याची केसाळ कातडी लावली, बसलेली नाकं उभी केली. भुवईवाचून दिसायचं काही थांबत नाही. गाव मात्र ओळखतं, आणि दार लावून घेतं. तेव्हा 'नुसतं दिसण्यासाठी' म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही. कुणाची नोकरी, कुणाचं लग्न, कुणाचा आरशासमोरचा धीर त्या दोन मिलिमीटरवर अडला असेल, तर त्यांनी खुशाल करून घ्यावं. माझं काहीच अडलेलं नाही. बाहुली पूर्ण उघडी आहे, डोळा घट्ट मिटतो. मी नको म्हटलं. उद्या पापणी नजरेच्या आड आली, तर करीन.

एक सांगायचं राहतं, कारण आपल्याकडे मुलीच्या पडक्या पापणीवर "लग्नाच्या वेळी बघू" हे उत्तर अजून ऐकू येतं. पापणी जन्मापासून बाहुलीवर येत असेल तर तो डोळा बघायला शिकतच नाही, आणि हे शिकण्याचं वय सात-आठ वर्षांपर्यंतच असतं. विसाव्या वर्षी ऑपरेशनने पापणी उचलता येईल, गेलेली नजर बहुधा परत येणार नाही. आणि मोठ्या माणसाची पापणी एकाएकी पडली, सोबत डोकं दुखत असेल किंवा दोन दोन दिसत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. लेकराला पापणीखालून, मान वर करून बघताना पाहिलंत, की फोटोग्राफरआधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या.