वजन नसलेला परिग्रह

ज्याला वजन नाही, जे जागा अडवत नाही, त्याचाही परिग्रह होतो का? एकटीनं गेम बनवताना हा प्रश्न मला रोज पडतो. माझ्या गेमचा विषय छोटा आहे: दाभोळची खाडी, तिच्यातली फेरीबोट, पाऊस, आणि या काठावरून त्या काठाला जाणारी माणसं. गोदो इंजिनवर तो वाढत गेला, तसा कोडही वाढला. पाऊस पडतोय की नाही हे सांगणारे तीन फ्लॅग तीन फायलींत आहेत. भरतीची वेळ बोट एकदा मोजते, तिकीटखिडकी पुन्हा मोजते. मासळीबाजाराची अख्खी यंत्रणा लिहिलेली आहे. खेळणाऱ्याला ती कधीच दिसत नाही, पण धक्क्याचं फाटक उघडतं ते तिच्याच सिग्नलवर.

हा बाजार काढायला हवा, हे स्पष्ट आहे. त्यात धोकाही नाही, कारण गिटमध्ये प्रत्येक जुनी ओळ जपलेली असते आणि हवी तेव्हा परत आणता येते. तरीही हात अडतो. मग आपण त्या ओळी कॉमेंट करून तिथेच ठेवतो. नुकसान होणारच नसेल, तर हात धरतं कोण?

जैन आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या करताना वस्तू मोजल्या नाहीत. वस्तूत गुंतलेल्या मनालाच त्यांनी परिग्रह म्हटलं. घर, शेत, दागिने सोडताना ममत्वात उद्याची काळजीही मिसळलेली असते. कोडाच्या बाबतीत ती काळजी गिट घेतं, आणि ‘हे मी रात्री जागून लिहिलं’ एवढंच मागे उरतं. निखळ ममत्व इतकं उघडं क्वचितच दिसतं.

पण म्हणून जे दिसेल ते उडवत सुटणं म्हणजे त्याग नव्हे. गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत. मोहानं कर्तव्य टाकणं हा तामस त्याग, कष्टाच्या भीतीनं टाकणं हा राजस, आणि कर्तव्य करत राहून आसक्ती व फळ सोडणं हा सात्त्विक. कोड साफ करायला बसलेल्या माणसाला हे तिन्ही त्याग रोज भेटतात.

बोट सुटण्याआधी एक फ्रेम थांबणारं फंक्शन माझ्या कोडात आहे. पाहताक्षणी ते निरर्थक वाटतं. ‘कशाला आहे कोण जाणे’ म्हणून ते उडवलं, तर बोट पुढे जाते आणि प्रवासी पाण्यावर उभे राहतात. हा तामस त्याग. गुंत्याला कंटाळून सगळं फेकून नवा प्रकल्प उघडणं हा राजस. तो वरून स्वच्छतेसारखा दिसतो, पण आत पळ काढलेला असतो. तिसरा मार्ग संथ आहे: प्रत्येक सिग्नल कुठून निघतो आणि कुठे पोहोचतो ते शोधायचं, एकच धागा सोडवायचा, गेम चालवून पाहायचा, मग पुढचा धागा.

इथे एक आक्षेप उभा राहतो आणि तो खरा आहे. टेरी कॅव्हनाचा, इंग्रजी ‘व्ही’ हे अक्षर सहा वेळा लिहून नाव दिलेला गेम 2010 साली आला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. 2020 साली त्याचा कोड खुला झाला, तेव्हा आत शेकडो केसेसचा एक अवाढव्य स्विच निघाला. म्हणजे गुंतागुंतीच्या कोडातूनही सुंदर गेम घडतो. मग साफसफाई कोणासाठी?

विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या गीताप्रवचनांत फलत्यागाची कसोटी सांगितली आहे. फळाची इच्छा सोडली की जी कर्मं उभीच राहू शकत नाहीत, ती आपोआप गळून पडतात. ही कसोटी साफसफाईलाही लावावी लागते. कोणी माझा कोड पाहून वाहवा करावी म्हणून तो नीटनेटका करणं हाही एक परिग्रहच आहे. त्या इच्छेसकट हा परिग्रहही गळून पडावा. माझा बाजार जातो तो वेगळ्या कारणानं. भरती रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा येते आणि त्या सरकत्या वेळेवरच या खेळाचा जीव आहे. बाजाराच्या सिग्नलांत अडकल्यामुळे ती वेळ मला बदलता येत नव्हती. बाजार लिहितानाच मला भरतीचं गणित उमगलं होतं. आता ते एका फंक्शनमध्ये आहे, आणि बोट व खिडकी दोघी त्यालाच विचारतात. त्या श्रमांतलं जे खेळाच्या उपयोगाचं होतं, ते खेळात राहिलं. उरलेल्यावर माझा हक्क नव्हता.

एकट्यानं काही घडवणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे: जे समजलं नाही ते टाकू नका, आणि ज्याचं काम संपलं आहे ते केवळ आपलं म्हणून ठेवू नका.